पायी जाता येईल एवढ्या अंतरावर

सोलापूरच्या पूर्व भागात बारावी झालेल्या मुलीचं पुढं काय होणार, हे तिच्या टक्क्यांपेक्षा कॉलेज घरापासून किती लांब आहे यावर जास्त ठरतं. चांगल्या मार्कांची मुलगी सात रस्ता चौकापलीकडं जायचं म्हटलं की घरी बसते. तिच्याहून कमी मार्कांची, पण कॉलेजजवळच्या गल्लीत राहणारी मुलगी चालत जाऊन बी.ए. होते, पुढं बी.एड. करते, बँकेच्या परीक्षा देते. वर्गात शिकवताना मी हे इतक्या वेळा पाहिलंय, की प्रवेशाच्या दिवसांत मुलीला मार्क विचारायच्या आधी मी पत्ता विचारते.

कारणं साधी आहेत. रिक्षाचं जाऊन-येऊन भाडं परवडत नाही. आई विड्या वळत असेल, तर रात्री भिजवलेली तेंदूची पानं सकाळी कात्रीनं मापात कापायची असतात आणि त्या कामाला मुलीचे हात लागतात. ठरल्या वेळेला माल कारखान्याच्या ब्रँचवर पोचवायचा असतो. मजुरी हजार विड्यांच्या हिशोबानं मिळते. मुलगी दिवसभर बाहेर राहिली तर हजार पुरे होत नाहीत. आणखी एक कारण घरातलं कुणी उघड बोलत नाही. पोरगी ओळखीच्या रस्त्यानं, ओळखीच्या दुकानांवरून जात असली की बापाचा जीव थाऱ्यावर असतो. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही. पण बापाचं मन बदलायला पिढी लागते, आणि मुलीची तीन वर्षं तेवढी थांबत नाहीत. तोवर कॉलेजच तिच्या रस्त्यावर आणावं लागतं.

या शहराला पहिलं कॉलेज मिळायला फार उशीर लागला. जुनी गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली. तिच्यामागून लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी अशा गिरण्या आल्या, भोंग्यावर घड्याळं लागू लागली. याच शहरानं १९३० मध्ये नगरपालिकेवर तिरंगा फडकवला, मार्शल लॉ अंगावर घेतला आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन हे आपले चार लोक फाशी जाताना पाहिले. एवढं सगळं घडलं तरी ज्याला पदवी घ्यायची होती त्याला पुण्या-मुंबईची गाडी धरावी लागत होती. दयानंद कॉलेज सुरू झालं ते १९४० मध्ये. गिरणी आणि कॉलेज यांच्यात त्रेसष्ट वर्षं गेली. मधल्या काळात किती हुशार पोरं तिसरी-चौथीतूनच सांच्यावर, म्हणजे गिरणीतल्या मागावर, गेली असतील, याचा हिशोब कुठल्याच दप्तरात नाही.

दयानंदची इमारत जागची हलली नाही, पण तिचं विद्यापीठ तीनदा बदललं. आधी मुंबई, मग १९४९ पासून पुणे, १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ निघालं तेव्हा कोल्हापूर, आणि १ ऑगस्ट २००४ पासून आपलं सोलापूरचं विद्यापीठ, ज्याला आता पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव आहे. एकाच जिल्ह्यासाठी असलेलं हे विद्यापीठ केगावला उभं राहिलं तेव्हा काही जाणत्या लोकांनीही विचारलं होतं, एवढ्याशा जिल्ह्याला विद्यापीठ कशाला? ज्यांना गुणपत्रिकेतल्या आडनावाच्या एका वेलांटीसाठी एस.टी.नं कोल्हापूर गाठावं लागलं होतं, त्यांना हा प्रश्न पडला नाही. यंत्रमागावरच्या माणसाला कोल्हापूरला जाणं म्हणजे निदान दोन दिवसांचा खाडा, खर्च वेगळा. पुष्कळ जणांनी तसंच चुकीचं नाव आयुष्यभर चालवलं.

दयानंदच्या मागं आर्य समाजी परंपरेतली डी.ए.व्ही. संस्था होती. पुढं शहरातल्या एकेका समाजानं आपापली कॉलेजं काढली. १९५३ मध्ये अप्पासाहेब काडादींच्या पुढाकारानं संगमेश्वर निघालं. १९६२ मध्ये जैन पाठशाळेनं वालचंद काढलं. ज्या वालचंद हिराचंदांचं नाव त्याला आहे ते सोलापुरातच जन्मलेले. सुमतिबाई शहांच्या श्राविका संस्थेनं त्याआधीपासून बायकांच्या शिक्षणाचं काम धरलं होतं. पूर्व भागात तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या पद्मशाली शिक्षण संस्थेनं कुचन प्रशाला वाढवली आणि मुलींसाठी बुर्ला महिला महाविद्यालय उभं केलं. सोशल असोसिएशननं मुस्लिम वस्तीतल्या मुला-मुलींची सोय केली. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू या चारही भाषांची माणसं एका शहरात पोट भरायला आली, आणि पोट जरा भरल्यावर चौघांनीही एकच काम काढलं.

संस्था समाजाच्या होत्या, पण बाकं समाजाची नव्हती, हे मला फार मोलाचं वाटतं. माझ्या वर्गात लिंगायत वाण्याची मुलगी, मोमीन विणकराची मुलगी आणि मी अशा एका बाकावर बसायचो. घरी मी अम्माशी तेलुगूत बोलायची, मैत्रिणींशी मराठीत भांडायची आणि डब्यातली जवारीची भाकरी तिघींची एकच असायची. दयानंद कॉलेजात शिकून पुढं राज्याचे मुख्यमंत्री झालेले सुशीलकुमार शिंदे सोलापूरच्या न्यायालयात नोकरी करत शिकले. कॉलेज गावात नसतं तर नोकरी आणि शिक्षण ही दोन टोकं त्यांना कुठून सांधता आली असती? शहरात छत्रपती शिवाजी नाइट कॉलेज आहे. दिवसा राबणाऱ्या माणसांच्या शहराला संध्याकाळी भरणारं कॉलेज हवंच होतं.

आता वर्गणीविषयी थोडं सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते या सगळ्या गोष्टीचा जीव तिथंच आहे.

दात्यांची नावं इमारतींवर असतात. अक्कलकोटच्या कॉलेजचं पुरं नाव एकदा सावकाश वाचून बघा: सी. बी. खेडगीज् बसवेश्वर सायन्स, राजा विजयसिंह कॉमर्स अँड राजा जयसिंह आर्ट्स कॉलेज. दाता, संत आणि संस्थानाचे राजे असे सगळे त्या एका पाटीवर आहेत. ज्यांनी मोठी रक्कम दिली त्यांचं नाव लागावं, यात गैर काही नाही. पण आमच्या भागात कॉलेज उभं राहताना मी जे पाहिलं त्यात मोठ्या रकमा थोड्या होत्या आणि पावती पुस्तकं पुष्कळ.

गणपतीची वर्गणी मागायला येणारीच पोरं कॉलेजची वर्गणी मागायला यायची. त्यांना कुठल्या घरी कुठल्या वारी जायचं ते पाठ होतं. मागावरचा पगार आठवड्याला होतो, त्यामुळं पगाराच्या संध्याकाळीच पुस्तक घेऊन फिरायचं. दुसऱ्या दिवशी गेलं तर पैसा किराणा दुकानात जमा झालेला असायचा. कारखानदारांनी खोल्यांचा खर्च उचलला. टॉवेलच्या एका व्यापाऱ्यानं वर्गांतले काळे फळे दिले. बायका हजारामागच्या मजुरीतून सुट्टे पैसे बाजूला टाकायच्या आणि महिना झाला की चार-पाच जणींची मिळून एक पावती फाडायच्या. पावतीवर नाव कुणाचं घालायचं यावर दारात हुज्जत चालायची. शेवटी गल्लीचं नाव लिहायचं ठरलं. पायाच्या खोदाईला वडार वस्तीतली माणसं आली. त्यांच्यातल्या काहींनी एका दिवसाची मजुरी घेतली नाही, आणि ती वर्गणीत धरा असं सांगितलं. मुकादमानं ती रीतसर लिहूनही घेतली.

ही रीत आपल्याकडं जुनी आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हापासून घराघरांतून मूठ-मूठ धान्य बाजूला ठेवण्याचा मुष्टिफंड लोकांनी आपला मानला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगातल्या पोरांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने मोडले. आपल्याच जिल्ह्यात बार्शीला मामासाहेब जगदाळ्यांनी त्याच वाटेनं संस्था उभी केली. मूठभर ज्वारीनं कॉलेजची भिंत उभी राहत नाही हे भाऊरावांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण ज्या घरातून मूठ निघाली त्या घराचा पाय शाळेकडं वळतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आमचे पहिले वर्ग प्राथमिक शाळेच्या खोल्यांत भरले, सकाळी, शाळा भरायच्या आधी. बाकं लहान मुलांची. आमचे गुडघे वरच्या फळीला लागायचे म्हणून आम्ही तिरक्या बसून वही मांडीवर घेऊन लिहायचो. भिंतीवर उजळणी आणि फळांची चित्रं होती आणि सर फळ्यावर मागणीचा नियम शिकवायचे. ग्रंथालय म्हणजे एक लोखंडी कपाट होतं. त्याची किल्ली ज्यांच्याकडं असायची ते शिपाई स्वतः रात्रीच्या शाळेत शिकत होते, आणि परत आलेलं पुस्तक कपाटात ठेवायच्या आधी चाळून बघायचे.

दुसऱ्या वर्षी इंग्रजीला शिक्षकच नव्हते. एक सत्र गेलं, दुसरं निम्मं गेलं. मी घरी सहज बोलून गेले. दुसऱ्या दिवशी अम्मा ब्रँचवर माल टाकून तशीच रिकामं सूप घेऊन प्राचार्यांच्या खोलीत गेली. मी दाराबाहेर उभी. तिचं मराठी तेलुगूच्या चालीचं. ती म्हणाली, "सर, इंग्लिशचे मास्तर कधी येणार? आमच्या गल्लीची पावती हाय माझ्याकडं." प्राचार्य उठून उभे राहिले, तिला खुर्ची दिली. जागा भरायला मंजुरी लागते, मंजुरीचा प्रस्ताव कुठं अडलाय, तोवर तासिका तत्त्वावर कुणी मिळतं का, हे सगळं त्यांनी तिला समजावून सांगितलं. तिला अक्षर वाचता येत नव्हतं. तरी तिनं प्रस्तावाचा कागद हातात मागून घेतला आणि शिक्का कुठं पडायचा राहिलाय ते बोट ठेवून विचारलं. पंधरवड्याच्या आत तासिकेवर एक बाई आल्या. त्या बाईंनी शिकवलेलं इंग्रजी मला आजही पुरतंय.

वर्गणीतून विटा आल्या, सिमेंट आलं, ते तर झालंच. पण अम्माच्या हातात त्या पावतीनं आणखी काहीतरी दिलं होतं. तिला त्या खोलीत शिरून विचारता आलं, आणि समोरच्या माणसाला तिला उत्तर द्यावंसं वाटलं. आज मी ज्या कॉलेजांत जाते-येते, तिथं पालक दाराशी चपला काढून उभे असतात. त्यांनी भरलेली फी अम्माच्या वर्गणीच्या कित्येक पट असते. तरीही आत जाऊन एखादा विषय महिनोन्‌महिने का शिकवला जात नाही हे विचारायची त्यांची हिंमत होत नाही. फीची पावतीही त्यांच्याकडं असते, पण ती पोरीच्या प्रवेशाची असते. कॉलेज आपलं असल्याची नसते.

हे असं का झालं, याला सरकारी धोरणाचा मोठा हात आहे. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना वाट मोकळी करून दिली. सोलापुरात वालचंदचं अभियांत्रिकी कॉलेज त्याच वर्षीचं. त्या निर्णयानं जिल्ह्यातल्या पोरांना इंजिनिअर होता आलं, हे मान्य केलंच पाहिजे. पुढं २००१ च्या सुमारास नव्या कॉलेजांना कायम विनाअनुदानित तत्त्वावरच परवानगी मिळू लागली. सरकार पगार देणार नाही, मग पगार फीतून निघणार. फीवर चालणाऱ्या कॉलेजला शेजारच्या गल्लीकडं बघण्याचं कारणच उरत नाही. विद्यार्थी कुठूनही आला तरी चालतो. आता कॉलेज काढायचं तर विद्यापीठाच्या बृहत् आराखड्यात ते ठिकाण बसावं लागतं, सरकारचं इरादापत्र लागतं, जागा आणि ठेवी दाखवाव्या लागतात, मग संलग्नीकरण. प्रत्येक अट आपापल्या जागी योग्य आहे. फक्त या सगळ्या कागदांत आजूबाजूच्या लोकांना काय हवंय, हा रकाना मला कुठं दिसला नाही.

जुन्या पद्धतीचं कौतुक करताना तिची एक बाजू मला सलते. तीही इथंच लिहिते. ज्या समाजाकडं थोडा पैसा, थोडी वट होती, त्यांनी कॉलेजं काढली. ज्यांच्याकडं वर्गणी द्यायलाच काही नव्हतं त्यांचं काय? सोलापुरात सेटलमेंट नावाचा भाग आहे. इंग्रजांनी गुन्हेगार जमाती म्हणून शिक्का मारलेल्या लोकांना तिथं तारेच्या कुंपणात ठेवलं होतं. तो कायदा रद्द झाला १९५२ मध्ये. दयानंद तेव्हा बारा वर्षांचं होतं, आणि वर्षभरात संगमेश्वर निघणार होतं. रोज हजेरी द्यायला लागणाऱ्या माणसांनी कुठली संस्था काढायची, आणि कुणाच्या दारात पावती पुस्तक घेऊन जायचं? त्यांच्या पोरांना दुसऱ्यांच्या संस्थांच्या दारात उभं राहावं लागलं. पायाच्या खोदाईत मजुरी सोडणारी वडार माणसं कॉलेजच्या संचालक मंडळात कधी आली नाहीत. म्हणून कॉलेज समाजाचं असण्यापेक्षा वस्तीचं असावं असं मला वाटतं. वस्तीत सगळे येतात. माग चालवणारा येतो, मागासाठी सुताच्या कांड्या भरणारी येते, रिक्षावाला येतो, सेटलमेंटमधला बँडवाला येतो.

आणि त्यासाठी नवा कायदा मागायचीही गरज नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ मध्ये प्रत्येक कॉलेजला महाविद्यालय विकास समिती नेमायला सांगितलंय. तिच्या वर्षातून निदान चार बैठका व्हाव्या लागतात. कॉलेजच्या विकासाचा आराखडा, अंदाजपत्रक, नवे अभ्यासक्रम, सगळं या समितीपुढं येतं. आणि तिच्यात चार स्थानिक सदस्य असावेत असं कायदा म्हणतो: शिक्षण, उद्योग, संशोधन आणि समाजसेवा या क्षेत्रांतले, त्यातला निदान एक माजी विद्यार्थी. त्यांना नेमते मात्र संस्था, प्राचार्यांशी बोलून. त्यामुळं बहुतेक ठिकाणी त्या चार खुर्च्यांवर संस्थेच्या ओळखीतली, प्रतिष्ठित, पण कधी फारसं काही न विचारणारी माणसं बसतात. ती वाईट माणसं नाहीत. पण संध्याकाळी किती वाजता रस्त्यावरचे दिवे लागतात आणि त्याआधी शेवटचा तास सुटतो का, हे त्यांना ठाऊक असायचं कारण नाही. समाजसेवा या क्षेत्रात विडी कामगार संघटनेची बाई बसू शकते. माजी विद्यार्थी म्हणून कांड्या भरत शिकलेली मुलगी बसू शकते. कायद्यात तिला कुठंच अडवलेलं नाही.

हे सुचायचं कारण कुंभारी. तिथं अक्कलकोट रस्त्याला विडी कामगार बायकांसाठी गोदूताई परुळेकर वसाहत झाली, दहा हजार घरांची. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरं दिली गेली. कामगार नेते आडम मास्तरांच्या मोर्चांना जाणाऱ्या बायकांची ही घरं. त्यांनी स्वतःचा वाटाही भरला होता. पुढं तिथंच रे नगरची तीस हजार घरांची योजना आली आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यातल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या मिळाल्या. एवढ्या घरांची वस्ती म्हणजे एक तालुक्याचं गावच. ज्या बायकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढून, हप्ते भरून घर मिळवलं, त्यांच्या मुली आता बारावीला येताहेत. या बायकांना संघटना कशी बांधायची, वर्गणीचा हिशोब कसा ठेवायचा, मंत्र्यासमोर कसं बोलायचं, सगळं येतं. कॉलेज कसं मागायचं हे त्यांना शिकवायला कुणी नको. त्यांना फक्त कुठल्या टेबलावर कुठला कागद द्यायचा ते सांगणारं माणूस हवंय, आणि ते माझ्यासारखे शिक्षक करू शकतात.

मध्यंतरी एका घरात अशा काही जणी बसल्या होत्या. मुलींना ज्या कॉलेजात घातलंय तिथं पत्र द्यायचं ठरलं. लिहायचं काम माझ्याकडं आलं, मुद्दे त्यांचे. पहिला तास साडेसातला ठेवा, म्हणजे अकराला पोरी घरी येतील आणि ब्रँचची वेळ चुकणार नाही. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी दिवसभर असू द्या. शिष्यवृत्तीचा ऑनलाइन फॉर्म भरून द्यायला तेलुगू आणि कन्नड येणारं कुणीतरी एक दिवस बसवा. शिक्षकांच्या रिकाम्या जागांची यादी नोटीस बोर्डावर लावा. शेवटचा मुद्दा विकास समितीचा होता, आणि त्यावर तास गेला. कायदा मी वाचून दाखवला. समाजसेवेच्या जागेसाठी कुणाचं नाव सुचवायचं?

एकीनं वसाहतीतल्या शिकलेल्या सुनेचं नाव काढलं. ती पदवीधर आहे, छान बोलते. बाकीच्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग कोपऱ्यातून एक जण म्हणाली, ती छान बोलते पण समोरच्यानं सांगितलं की लगेच हो म्हणते. दुसरं नाव निघालं ते वसाहतीच्या पाणीपट्टीचा हिशोब बघणाऱ्या अक्कांचं. त्या सातवी शिकल्यात. टँकरवाल्याकडून पावती घेतल्याशिवाय त्या कधी पैसे देत नाहीत. अक्कांनी आधी नको-नको केलं, मग विचारलं, बैठक कुठल्या वारी असते? सोमवारी नको म्हणावं, सोमवारी ब्रँचचा हिशोब असतो. मी पत्रात त्यांचं नाव लिहिलं, आणि खाली सोमवार सोडून हेही लिहिलं.